दादासाहेबांचे तारण

माझी सारी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली. समोर बसलेल्या माणसाकडे तारण काय आहे, हे आधी पाहायची सवय अंगात मुरली. निवृत्तीनंतर दादासाहेब फाळके यांचे चरित्र वाचतानाही माझे लक्ष पडद्यापेक्षा पैशांकडेच गेले. स्मरणिकेसाठी तेच लिहितो.

त्र्यंबकेश्वरला १८७० साली त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. पुढे छापखाना काढला, पण भागीदारांशी पटले नाही म्हणून सोडला. हाती काही नाही, घरात मुलेबाळे, वय चाळिशीचे. अशा वेळी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपल्या पुराणकथा अशाच पडद्यावर आणायच्या, हा ध्यास त्यांनी घेतला. अतिश्रमाने काही काळ डोळेही अधू झाले. तरी विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये ते लंडनला गेले, कॅमेरा घेऊन परतले.

आता भांडवल कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर पाहता पाहता अंकुर फुटला, वेल वर चढला. ते पाहून कर्ज मिळाले. उरलेल्यासाठी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. फिल्मला भोके पाडण्यापासून साऱ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत त्या माउलीने सगळे सांभाळले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

१९१७ च्या ‘लंकादहन’ने भरपूर पैसा दिला. पुढच्याच वर्षी व्यापारी भागीदारांसह नवी कंपनी निघाली आणि खटके उडू लागले. दादासाहेबांना कथा मनासारखी दिसायला हवी होती, भागीदारांना हिशेब जुळायला हवा होता. माझ्या खुर्चीवरून पाहिले तर भागीदारही अगदीच चूक नव्हते. कंटाळून दादासाहेब काशीला गेले, काही वर्षांनी परतले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा बोलपट अखेरचा ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा गाठीशी संपत्ती उरली नव्हती.

बँकेच्या नियमांत हे कर्जप्रकरण मी मंजूर केले नसते. पण पॉलिसी आणि दागिन्यांपेक्षा भक्कम तारण तो वाटाण्याचा वेल होता, हे आज कळते. मित्रहो, आपली नातवंडे हल्ली भलभलत्या उद्योगांसाठी पैसे मागतात. नाही म्हणण्याआधी, त्यांनी कुंडीत काय पेरले आहे तेवढे एकदा पाहा.