विल्यम बँटिंग

विल्यम बँटिंग (जन्म : इ.स. १७९६च्या सुमारास, मृत्यू : १६ मार्च, इ.स. १८७८) हे लंडनमधील अंत्यसंस्कार व्यवस्थापक होते. स्वतःची स्थूलता कमी करणाऱ्या आहाराची माहिती देणाऱ्या त्यांच्या पुस्तिकेमुळे अल्पकर्बोदक आहार प्रथमच सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला.

व्यवसाय

बँटिंग घराण्याची पेढी लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर होती. ब्रिटिश राजघराण्यातील अंत्यविधींची व्यवस्था तिच्याकडे असे. राजे तिसरे जॉर्ज (इ.स. १८२०), वेलिंग्टनचे ड्यूक (इ.स. १८५२) आणि राजपुत्र अल्बर्ट (इ.स. १८६१) यांच्या अंत्यविधींत या पेढीचा सहभाग होता.

स्थूलता आणि उपचार

इ.स. १८६२च्या ऑगस्टमध्ये ५ फूट ५ इंच उंचीच्या बँटिंग यांचे वजन २०२ पौंड (सुमारे ९२ किलो) होते. त्यांना वाकून बुटांचे बंद बांधता येत नसत आणि जिना उलट्या पावलांनी उतरावा लागे. नौकानयनाने वजनाऐवजी भूकच वाढली. सुमारे ५० तुर्की स्नानांनंतर केवळ ६ पौंड घटले. पुढे ऐकू कमी येऊ लागल्याने ते कर्णशल्यचिकित्सक विल्यम हार्वी यांच्याकडे गेले. हार्वी यांनी पॅरिसमध्ये क्लोद बेर्नार यांची यकृत व मधुमेहावरील व्याख्याने ऐकली होती. बहिरेपणाच्या मुळाशी स्थूलता आहे, असे निदान करून त्यांनी पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे वर्ज्य करण्यास सांगितले.

आहार

न्याहारीला ४ ते ५ औंस गोमांस, मेंढीचे मांस, भाजलेले मासे किंवा थंड मांस, सोबत बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा आणि १ औंस कोरडा टोस्ट असे. दुपारच्या जेवणात ५ ते ६ औंस मासे किंवा मांस, बटाट्याखेरीज भाज्या आणि दोन-तीन पेले क्लॅरेट किंवा शेरी हे मद्य चाले. सायंकाळी फळे व चहा, तर रात्री पुन्हा थोडे मांस किंवा मासे असत. डुकराचे मांस आणि सामन मासा यांना सामान्यतः मनाई होती. आजच्या अल्पकर्बोदक आहारात थंड मांसाबरोबर चीजलाही मोठे स्थान आहे. बँटिंग यांच्या यादीत मात्र दूध व लोणी निषिद्ध होते.

सुमारे वर्षभरात त्यांचे वजन ४६ पौंडांनी घटून १५६ पौंडांवर आले. जिना सरळ उतरता येऊ लागला आणि श्रवणशक्तीही सुधारली.

पुस्तिका

इ.स. १८६३मध्ये बँटिंग यांनी स्थूलतेवरील आपला अनुभव जनतेस उद्देशून लिहिलेल्या पत्राच्या रूपात स्वखर्चाने छापला. सुरुवातीच्या प्रती विनामूल्य वाटल्या. मागणी वाढल्यावर पुढील आवृत्त्या विक्रीस ठेवून नफा धर्मादाय कार्यास दिला. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या व्यक्तीने आहाराचा सल्ला द्यावा, हे अनेक डॉक्टरांना रुचले नाही. या पद्धतीत नवीन काही नाही, अशीही टीका झाली. पुढील आवृत्त्यांत बँटिंग यांनी या पद्धतीचे श्रेय हार्वी यांनाच दिले.

प्रभाव

बँटिंग यांचे आडनाव इंग्रजीत आहारनियमनासाठी क्रियापद म्हणून रूढ झाले. स्वीडिश भाषेत 'बांता' हे त्यावरून आलेले क्रियापद आजही वापरात आहे. एकविसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेत अल्पकर्बोदक आहार 'बँटिंग' याच नावाने लोकप्रिय झाला.

बँटिंग यांचे दफन लंडनमधील ब्रॉम्प्टन दफनभूमीत करण्यात आले.