विश्लेषण : ७० वर्षांपूर्वीचा ‘करडा फर्गी’ आजही कसा चालतो? कोण होते हॅरी फर्ग्युसन?

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये जुने ट्रॅक्टर दुरुस्त करून चालते ठेवणाऱ्या हौशी मंडळींचा मोठा वर्ग आहे. त्यांच्या शेडमध्ये हमखास दिसणारे यंत्र म्हणजे राखाडी रंगाचा छोटेखानी फर्ग्युसन टीई २० ट्रॅक्टर. १९५६ मध्ये त्याचे उत्पादन थांबले, तरी त्याचे सुटे भाग अजूनही नव्याने बनतात. हे यंत्र इतके टिकाऊ कसे झाले, याचे उत्तर ते घडवणाऱ्या हॅरी फर्ग्युसन यांच्या आयुष्यात सापडते.

सायकल-मोटारींच्या दुरुस्तीपासून सुरुवात...

फर्ग्युसन यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ रोजी आयर्लंडच्या डाऊन परगण्यात ड्रोमोरजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. शेतीची कष्टाची कामे त्यांना आवडत नव्हती. १९०२ मध्ये ते बेलफास्टला थोरल्या भावाच्या सायकल व मोटार दुरुस्तीच्या दुकानात दाखल झाले. इंजिनाचा बिघाड ओळखण्यात ते लवकरच तरबेज झाले. ३१ डिसेंबर १९०९ रोजी स्वतः बांधलेल्या विमानातून त्यांनी उड्डाण केले. आयर्लंडमधील ते पहिले विमानोड्डाण मानले जाते. १९११ मध्ये त्यांनी स्वतःचे गॅरेज काढले आणि पुढे अमेरिकी ट्रॅक्टरची विक्रीही सुरू केली.

ट्रॅक्टर जीवघेणा का ठरत होता?

पहिल्या महायुद्धात अन्नटंचाईमुळे जास्त जमीन नांगराखाली आणणे भाग पडले. १९१७ मध्ये सरकारच्या कृषी विभागाने आयर्लंडमधील ट्रॅक्टरच्या कामावर देखरेखीची जबाबदारी फर्ग्युसन यांना दिली. सहकारी विली सँड्स यांच्यासह ते गावोगाव फिरले. तेव्हा बैलगाडीला बैल जुंपावेत तसा नांगर ट्रॅक्टरमागे साखळीने किंवा दांड्याने ओढला जाई. फाळ दगडात अडकला की नांगर जागीच थांबे, पण इंजिनाचा जोर सुरूच राही. मग ट्रॅक्टरचे पुढचे तोंड वर उचलले जाऊन तो मागे चालकाच्या अंगावर उलटे. अशा अपघातांत अनेकांचे प्राण गेले. शिवाय चाके घसरू नयेत म्हणून ट्रॅक्टर जड करावा लागे आणि त्याच्या वजनाने जमीन दबून जाई.

‘थ्री पॉइंट लिंकेज’ म्हणजे काय?

नांगर आणि ट्रॅक्टर ही दोन वेगळी यंत्रे नसून एकच यंत्र आहे, हा फर्ग्युसन यांच्या उपायाचा गाभा होता. खाली दोन आणि वर एक अशा तीन दांड्यांनी अवजार थेट ट्रॅक्टरला जोडले गेले. जोडीला हायड्रॉलिक यंत्रणा आली. तिचे महत्त्वाचे पेटंट त्यांनी १९२६ मध्ये मिळवले. जमीन कठीण लागली की वरची दांडी, म्हणजे टॉप लिंक, पुढे रेटली जाते. हा दाब ओळखून हायड्रॉलिक पंप नांगर किंचित वर उचलतो. त्याचा भार मागच्या चाकांवर येतो आणि चाके जमिनीला घट्ट धरतात. टॉप लिंकच्या रेट्यामुळे पुढची चाके वर उचलली जाण्याचा धोकाही घटतो. परिणामी हलका ट्रॅक्टर जड ट्रॅक्टरचे काम करू लागला.

तोंडी करार का मोडला?

१९३६ मध्ये डेव्हिड ब्राऊन यांच्या हडर्सफील्डच्या कारखान्यात या पद्धतीचे ट्रॅक्टर बनू लागले, पण दोघांचे मतभेद झाले. ऑक्टोबर १९३८ मध्ये फर्ग्युसन यांनी अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्यासमोर प्रात्यक्षिक दाखवले. दोघांनी केवळ हस्तांदोलनावर भागीदारी ठरवली. कागद झालाच नाही. १९३९ पासून फोर्डच्या कारखान्यातून या पद्धतीचे तीन लाखांवर ट्रॅक्टर बाहेर पडले. पुढे कारभार नातू हेन्री फोर्ड दुसरे यांच्याकडे गेला. त्यांनी १९४७ मध्ये भागीदारी संपवली, मात्र तीच यंत्रणा आपल्या नव्या ट्रॅक्टरमध्ये वापरली. फर्ग्युसन यांनी दावा ठोकला. १९५२ मध्ये ९२.५ लाख डॉलरवर तडजोड झाली. मूळ मागणी २५ कोटी डॉलरहून अधिक होती.

टीई २० दुरुस्तीला सोपा कसा?

१९४६ पासून कॉव्हेंट्री येथे स्टँडर्ड मोटार कंपनीने टीई २० बनवला. दहा वर्षांत पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. द्राक्षबागांसाठी अरुंद बांधणीचा प्रकारही होता. गॅरेजमध्ये घडलेल्या माणसाची नजर त्यात जागोजागी दिसते. अवजारांचे नट-बोल्ट मोजक्याच मापांचे ठेवले होते, त्यामुळे सोबत मिळणाऱ्या एकाच पान्याने बहुतेक जोडणी होई. त्या पान्यावर इंचांच्या खुणा असल्याने तो मोजपट्टी म्हणूनही चाले. इंजिन सुरू करण्याची कळ गिअरच्या दांड्यातच होती. साहजिकच गिअरमध्ये असताना ट्रॅक्टर सुरू होऊन अचानक पुढे जाण्याची भीती नव्हती. गिअर, मागचा आस आणि हायड्रॉलिक पंप एकाच तेलात काम करतात. म्हणून लिफ्ट भार उचलेनाशी झाली की जाणकार आधी हे तेल तपासतात. त्यात पाणी किंवा कचरा असेल तर ते बदलतात आणि मगच पंप उघडतात. शेतकरी व मिस्त्री यांच्या प्रशिक्षणासाठी फर्ग्युसन यांनी स्टोनली येथे शाळाही चालवली.

त्यांच्या कामाचा वारसा काय?

एडमंड हिलरी यांच्या पथकाने ४ जानेवारी १९५८ रोजी पट्टे बसवलेल्या याच ट्रॅक्टरमधून दक्षिण ध्रुव गाठला. त्याआधी १९५३ मध्ये फर्ग्युसन यांची कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली होती आणि वर्षभरात ते तिच्यातून बाहेर पडले. २५ ऑक्टोबर १९६० रोजी इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मद्रासमध्ये ‘टॅफे’ कंपनी स्थापन झाली आणि मॅसी फर्ग्युसन हे नाव भारतीय शेतांत पोहोचले. आज महाराष्ट्रात पलटी नांगर असो वा रोटाव्हेटर, ट्रॅक्टर कोणत्याही कंपनीचा असला तरी मागे अवजार उचलणाऱ्या दांड्या तीनच असतात. त्या जोडताना फर्ग्युसन हे नाव क्वचितच कुणाला आठवते.