मालकी दुसऱ्याची, दृष्टी बाबूरावांची

नांदेडच्या उस्मानशाही गिरणीचा भोंगा ज्यांनी ऐकला आणि लातूरच्या शिवारात कर्जापायी जमीन गमावलेली माणसे ज्यांनी पाहिली, त्यांना ‘सावकारी पाश’ची कथा परकी वाटणार नाही. सावकाराने जमीन गिळलेला शेतकरी मुंबईत जाऊन गिरणी कामगार होतो, एवढेच तिचे सूत्र. नवल आहे ते सालाचे. १९२५ मध्ये, पडद्यावर देवदेवतांची गर्दी असताना, हा मूकपट कोल्हापुरात काढला तो कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० चा. बंधू आनंदरावांसह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पाहिला आणि दोघांना चलच्चित्राचा ध्यास लागला. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने खटपट चालू ठेवून १९१८ मध्ये स्वतःचा कॅमेरा सिद्ध केला. भांडवलाची पहिली मदत गायिका तानीबाई कागलकर यांची. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये झळकला. त्यात स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या, आणि कीचकवध इतका खरा वाटला की तो प्रसंग कापावा लागला. ‘सिंहगड’साठी (१९२३) त्यांनी कृत्रिम प्रकाशात रात्रीची दृश्ये टिपली. नेपथ्य, वेशभूषा, जाहिरातीची भित्तिचित्रे, सारे त्यांच्याच नजरेखालून जाई.

अशा माणसाला घाई मानवत नाही. पैसा गुंतवणाऱ्याला मात्र विलंब सोसत नाही. त्याच सुमारास हॉलिवूडमध्ये एरिक फॉन स्ट्रोहाइमच्या ‘ग्रीड’वर एमजीएमने कात्री चालवली होती. कोल्हापुरात चित्रपट वाचला, पण कंपनी हातची गेली. ‘सावकारी पाश’चे जाणकारांनी कौतुक केले, गल्ला मात्र जमला नाही. १९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी बाहेर पडून ‘प्रभात’ उभारली. पुढे भांडवलदारांशी न पटल्याने बाबूरावांनीही आपण उभी केलेली संस्था सोडली. शिष्यांनी नवे घर बांधले, गुरू बेघर झाला. आपल्या चित्रपटसृष्टीच्या इतिहासात ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

त्यानंतर ते दुसऱ्यांच्या स्टुडिओत दिग्दर्शन करीत राहिले. शालिनी सिनेटोनसाठी ‘उषा’ (१९३५) केला, आणि १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’च पुन्हा, बोलपट म्हणून. जुना विषय त्यांनी सोडला नव्हता. मधल्या काळात ब्रश आणि छिन्नी हाती होतीच; कोल्हापूरच्या शिवाजी चौकातील शिवरायांचा पुतळा त्यांच्याच हातचा. १९४७ मध्ये ‘लोकशाहीर रामजोशी’ आला, तो राजकमलचा. मूळ ‘सावकारी पाश’मध्ये तरुण शेतकरी रंगविणारे शांताराम आता मालक होते, आणि दिग्दर्शक म्हणून नावे दोघांची लागली. ‘विश्वामित्र’ (१९५२) नंतर बाबूराव थांबले.

१६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले. १९२५ च्या ‘सावकारी पाश’ची प्रत आज उपलब्ध नाही.