इएमोनचा जनक : नाटककार नानबोकु

जपानच्या काबुकी रंगभूमीवर भुताखेतांच्या नाटकांचा आचार्य म्हणून ज्याचे नाव घेतात, तो चौथा त्सुरुया नानबोकु १७५५ साली एदो शहरात जन्मला. एदो म्हणजेच आजचे टोकिओ. त्याने आयुष्यात शंभराहून अधिक नाटके लिहिली. पण त्याची कीर्ती मुख्यतः एका नाटकावर, आणि त्यातही तामिया इएमोन नावाच्या एका दुष्ट पुरुषावर उभी आहे. १८२५ साली रंगभूमीवर आलेला हा इएमोन पुढे चित्रपटात गेला, एका चित्रपटातून त्याच्या उत्तरार्धात गेला, आणि अजूनही जपानी प्रेक्षकांची पाठ सोडावयास तयार नाही. असा खलपुरुष ज्याच्या लेखणीतून उतरला, त्याचे स्वतःचे आयुष्य मात्र फार साधे आणि पुष्कळ काळ उपेक्षेचे गेले.

नानबोकुचा बाप रंगारी होता. कापडावर ठशांनी नक्षी उमटवावयाची, हा घरचा धंदा. घर निहोनबाशी भागात, आणि नाकामुरा व इचिमुरा ही एदोतील दोन मोठी नाटकगृहे हाकेच्या अंतरावर. रंगाच्या पिंपात हात बुडवण्यापेक्षा नाटकगृहाच्या दाराशी घुटमळणे त्या मुलाला अधिक आवडत असल्यास नवल नाही. वयाच्या विशी-बाविशीत तो नाटककारांच्या ताफ्यात उमेदवार म्हणून शिरला. साकुरादा जिसुके हा त्या काळचा नामांकित नाटककार. त्याच्या शिष्यवर्गात ह्याची गणना होते.

काबुकीतील नाटककार म्हणजे एकटा बसून लिहिणारा कवी नव्हे. प्रत्येक नाटकगृहात लेखकांचा एक ताफा असे. त्याचा मुख्य तेवढा कथानक ठरवी आणि महत्त्वाचे प्रवेश लिही. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या लेखकांकडे किरकोळ प्रवेश येत. अगदी खालच्यांनी नटांच्या नकला उतरवून द्यावयाच्या, पडद्याआडून विसरलेले शब्द पुरवावयाचे, आणि प्रवेशाच्या आरंभी व शेवटी लाकडाच्या दोन पट्ट्या ठरल्या लयीने एकमेकींवर आपटावयाच्या. ह्या पायऱ्यांवर नानबोकुची पंचवीसहून अधिक वर्षे गेली. त्या काळात त्याची नावे बदलली, पण पायरी फारशी बदलली नाही. त्याने विवाह केला तो तिसऱ्या नानबोकुच्या मुलीशी. हा सासरा विनोदी भूमिका करणारा नट होता. पुढे १८११ साली जावयाने त्याचेच नाव धारण केले, आणि एका विदूषकाचे नाव जपानी भयनाट्याच्या इतिहासात अमर झाले.

दैव उघडले ते १८०४ च्या उन्हाळ्यात. उन्हाळ्यात मोठे नट विश्रांती घेत. नाटकगृहे ओस पडत. अशा वेळी दुय्यम मंडळींना संधी मिळे. त्या हंगामात नानबोकुने तेंजिकु तोकुबेइ ह्याच्या कथेवर नाटक लिहिले. तेंजिकु हे हिंदुस्थानचे जुने जपानी नाव. तोकुबेइ हा सतराव्या शतकातील खरा व्यापारी. तो सयामपर्यंत गेला होता, आणि तेंजिकुच्या प्रवासाच्या कथा सांगे म्हणून त्याला हे नाव पडले. नानबोकुने त्याला बेडकावर आरूढ होणारा मांत्रिक केले. ओनोए मात्सुसुके हा प्रौढ नट त्या भूमिकेत पाण्यात उडी घेई आणि क्षणार्धात निराळ्या वेषात, कोरडा ठणठणीत, दुसरीकडून प्रकट होई. ह्यात परकी ख्रिस्ती जादू आहे अशी आवई उठली, आणि त्या आवईनेच नाटकगृह भरले. नानबोकु त्या वेळी पन्नाशीला टेकला होता. ज्या वयात इतरांची लेखणी थकते, त्या वयात ह्याची चालू लागली.

पुढील पंचवीस वर्षे त्याने सरदार-दरबारांची नाटके लिहिलीच, पण त्याचे मन रमले ते गल्लीबोळांत. भाड्याच्या खोल्या, गहाणवटीची दुकाने, मालिश करणारे, मासे धरणारे, कर्जबाजारी शिपाई आणि विकल्या गेलेल्या मुली ह्यांचे जग त्याने रंगभूमीवर जसेच्या तसे आणले. ह्या कच्च्या, उघड्या वास्तवाच्या नाटकांना काबुकीत वेगळे नावच मिळाले, आणि त्यांचा प्रमुख म्हणून नानबोकु ओळखला जाऊ लागला.

१८२५ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्याने नाकामुरा नाटकगृहासाठी योत्सुयाची भूतकथा लिहिली. हे नाटक प्रथम कसे झाले ते लक्षात घेतल्यावाचून त्याचे मर्म कळत नाही. ते चूशिंगुरा ह्या विख्यात नाटकाच्या जोडीने, दोन दिवसांत वाटून झाले. चूशिंगुराची कथा जपानात लहान मुलालाही ठाऊक असते. १७०१ साली एका सरदाराला देहान्त शासन झाले, त्याचे संस्थान खालसा झाले, आणि त्याच्या सत्तेचाळीस निष्ठावंत सेवकांनी पुढे धन्याच्या शत्रूचा सूड घेतला. परंतु त्या सरदाराच्या पदरी सेवक तीनशेच्या आसपास होते. उरलेल्यांचे काय झाले? धान्याचा तनखा एका दिवसात बंद झाल्यावर त्यांनी काय केले? निष्ठेची गाथा गाणाऱ्यांनी हा प्रश्न विचारला नव्हता. नानबोकुने तो विचारला, आणि त्याचे उत्तर म्हणून इएमोन उभा केला.

इएमोन हा त्याच दरबारचा माणूस. दिसावयास देखणा, हाताने कुशल, मनाने पोकळ. धन्याचे द्रव्य त्याने आधीच चोरलेले आहे. हे ठाऊक असलेला सासरा मुलीला, ओइवाला, परत पाठवीत नाही म्हणून तो सासऱ्याला ठार मारतो, आणि त्याच खुनाचा सूड घेऊन देण्याचे वचन देऊन पत्नीला घरी आणतो. मग दारिद्र्य सुरू होते. तरवार बाळगणारा हा पुरुष कागदी छत्र्या तयार करून पोट भरतो. ओइवा बाळंतीण, आजारी, अंथरुणाला खिळलेली. शेजारी धन्याच्या शत्रूचा एक श्रीमंत सेवक राहतो. त्याच्या नातीचे मन इएमोनवर बसते. त्या घरातून ओइवासाठी औषध येते. ते औषध नसून तोंड विद्रूप करणारे विष असते. इकडे इएमोनला नवी बायको, पैसा आणि शत्रूच्या दरबारी नोकरी ह्यांचे आमिष मिळते. तो फारसा विचार करीत नाही.

नाटकातील खरा भयंकर प्रवेश हा आहे, आणि त्यात भूत नाही. नव्या लग्नाच्या खर्चासाठी इएमोन घरातील वस्तू गहाण टाकावयास काढतो. शेवटी तो मच्छरदाणी ओढू लागतो. डासांनी बाळ फोडून काढतील म्हणून ओइवा ती घट्ट धरून ठेवते; तो हिसडा देतो आणि तिची नखे निघून येतात. त्यानंतर ती आरशात आपले तोंड पाहते, केस विंचरू लागते, आणि केस झुपक्यांनी हातात येतात. ती मरते तीही अपघाताने, रुतून बसलेल्या तरवारीवर पडून. इएमोन तिचे प्रेत, आणि आपण मारलेल्या नोकराचे प्रेत, एका दाराच्या फळीच्या दोन बाजूंना खिळवून नदीत सोडून देतो. पुढे तो कालव्याकाठी मासे धरीत बसलेला असताना ती फळी तरंगत येते. ती उलटते, आणि दोन्ही प्रेतांची कामे एकच नट करतो. मात्सुसुकेच्या घरात दत्तक आलेल्या तिसऱ्या ओनोए किकुगोरोने ही किमया साधली. भुताच्या भूमिकेची विद्या त्या घराण्यात अशी बापाकडून मुलाकडे आली. इएमोन होता सातवा इचिकावा दान्जूरो. देखण्या खलनायकाला काबुकीत एक खास वर्ग आहे, आणि इएमोन त्याचा मुकुटमणी मानला जातो.

संगीताच्या अंगानेही ह्या नाटकाकडे पाहण्याजोगे आहे. काबुकीत प्रेक्षकांच्या डाव्या हाताला, काळ्या चिकाच्या पडद्याआड, वादकांची एक खोली असते. तेथील मोठा ढोल काठ्यांनी वाजवून वारा, पाणी, लाटा, इतकेच नव्हे तर हिमवर्षावही सुचवितात. भूत यावयाचे असले की त्याच ढोलावर अगदी मंद, सलग, दोरो दोरो असा घुमारा सुरू होतो आणि त्यावर बासरीचा एक कापरा सूर चढतो. ढोलात ताल असा मोजता येत नाही, सुरात राग असा पकडता येत नाही. सम कोठे आहे हे न कळल्यामुळे ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. भूत दिसण्याच्या आधी ते कानांनी येते. मच्छरदाणी ओढून नेणाऱ्या नवऱ्याची सूचना मात्र कोणताही ढोल देत नाही.

ज्या शहरांत एके काळी दरबार होते, त्या शहरांतील जुन्या घरांना ह्या नाटकाचा गाभा समजावून सांगावा लागणार नाही. १९४८ च्या आगेमागे आपली संस्थाने विलीन झाली तेव्हा पागा, कारखाने, गवई-वाजंत्री आणि मानकरी ह्यांच्या घरी पहिली तारीख कशी उजाडली, हे पुष्कळांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. बहुतेकांनी शिकवण्या केल्या, दुकाने घातली, अब्रूने दिवस काढले. काही थोड्यांनी घरातील दुबळ्या माणसाच्या अंगावरचे काढून आपला थाट राखला. नानबोकुला हा दुसरा प्रकार दिसला, आणि तनखा बंद होणे ही सबब आहे, कारण नव्हे, हे त्याने ओळखले. छत्र्या करून जगणारे त्याच्या एदोत हजारो होते. ते सगळे इएमोन झाले नाहीत.

त्याच वर्षीच्या नवव्या महिन्यात त्याने ह्या विषयाला एक पुरवणी जोडली. इएमोन राहून गेलेले झपाटलेले घर ह्या दुसऱ्या नाटकात पुन्हा येते. तेथील नायक गेंगोबेइ हा प्रत्यक्ष त्या सत्तेचाळिसांपैकी एक. एका गणिकेच्या पायी फसवला गेल्यावर तो माणसांमागून माणसे कापीत सुटतो, आणि अखेर त्याच हातांनी धन्याचा सूड घेण्यास जाऊन मिळतो. पहिल्या नाटकात निष्ठा सोडलेला खुनी, दुसऱ्यात निष्ठा पाळणारा खुनी. दोन्ही शेजारी ठेवून म्हाताऱ्या नाटककाराने निवाडा प्रेक्षकांवर सोडला.

चित्रपट आल्यावर इएमोनला नवे आयुष्य लाभले. १९४९ साली किनोशिता केइसुके ह्या दिग्दर्शकाने ही कथा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा दोन चित्रपटांत मांडली. उएहारा केन इएमोन झाला, आणि तानाका किनुयो हिने ओइवा व तिची बहीण अशा दोन्ही भूमिका केल्या. किनोशिताने भूतच काढून टाकले. इएमोनला दिसते ते त्याच्या अपराधी मनाला दिसते. भूत गेले तरी कथा हलली नाही, ह्यातच तिचा भार कोणावर आहे हे सिद्ध झाले. १९५९ साली नाकागावा नोबुओने भूत पुन्हा आणले, आणि आमाची शिगेरुने रंगविलेला थंड, सुंदर इएमोन अनेकांना सर्वश्रेष्ठ वाटतो. १९६५ च्या चित्रपटात ही भूमिका नाकादाई तात्सुया ह्या मातब्बर नटाने केली.

ओइवा नावाची स्त्री योत्सुया भागात सतराव्या शतकात खरोखर होऊन गेली. तामिया घराण्याच्या परंपरेप्रमाणे ती कष्टाळू आणि पतिपरायण गृहिणी होती. तिचे लहानसे देवस्थान योत्सुयात आहे, आणि हे नाटक वा चित्रपट करणारे नट आधी तेथे जाऊन हात जोडतात.

नानबोकु १८२९ च्या अखेरीस, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, वारला. आपल्या अंत्यविधीसाठी त्याने एक छोटे नाटक लिहून ठेवले होते. पुढील वर्षाच्या आरंभी शुनकेइ मंदिरात विधी झाला, तेव्हा त्याची छापील प्रत जमलेल्या मंडळींना वाटण्यात आली. त्यात मृत नाटककार शवपेटीतून बोलतो आणि आलेल्यांचा निरोप घेतो. जन्मभर मेलेल्यांना बोलते करणाऱ्याने स्वतःलाही ती सवलत घेतली. टोकिओच्या ओशिआगे भागातील त्याच मंदिरात त्याची समाधी आहे. उन्हाळा आला की अजूनही जपानात कोठे ना कोठे योत्सुयाचा खेळ लागतो, आणि इएमोन छत्रीला कागद चिकटवीत पुन्हा बसतो.