युआन श्वांग

युआन श्वांग (इ.स. ६०२ – इ.स. ६६४), अन्य लेखन ह्युएन त्संग, हे चीनमधील तांग राजवटीच्या काळातील बौद्ध भिक्खू, प्रवासी व भाषांतरकार होते. अजिंठ्याच्या डोंगरातील विहाराचे म्हणून ओळखले जाणारे वर्णन त्यांच्या प्रवासवृत्तात आढळते.

जीवन

त्यांचा जन्म हनान प्रांतात लोयांग नगराजवळ झाला. थोरल्या भावाच्या मागोमाग त्यांनी लहान वयातच संघात प्रवेश केला. चिनी भाषांतरांतील परस्परविरोधी मतांनी अस्वस्थ होऊन, मूळ ग्रंथ मिळवण्यासाठी, देशाबाहेर जाण्यास असलेली बंदी मोडून ते इ.स. ६२९ च्या सुमारास मध्य आशियामार्गे भारताकडे निघाले. नालंदा येथे शीलभद्र यांच्याकडे त्यांनी योगाचार दर्शनाचे अध्ययन केले.

महाराष्ट्र

सिंहल द्वीपास जाण्याचा बेत तेथील अशांतता व दुष्काळामुळे सोडून देऊन ते कांचीहून उत्तरेकडे वळले आणि इ.स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आले. त्या वेळी येथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. उपकाराची जाण ठेवणारे, परंतु अपमानाचा सूड घेणारे असे येथील लोकांचे चित्र त्यांनी रेखाटले आहे. सम्राट हर्षवर्धनास हा प्रदेश जिंकता आला नाही, हेही ते नोंदवतात. पुढे हर्षाने त्यांचा कनौज येथे मोठा सन्मान केला, हे लक्षात घेता ही नोंद विशेष महत्त्वाची ठरते.

राज्याच्या पूर्व सीमेवरील डोंगरात, एका अंधाऱ्या दरीत, अचल नावाच्या अर्हताने बांधवलेला विहार असल्याचे त्यांनी लिहिले आहे. भिंतींवर कोरलेले बुद्धचरित्रातील प्रसंग, प्रवेशद्वाराबाहेरचे दगडी हत्ती आणि आचार्य दिङ्नाग यांचे तेथील वास्तव्य यांचाही उल्लेख येतो. अजिंठ्याच्या लेणे क्रमांक २६ मधील शिलालेखात स्थविर अचल यांचे नाव आहे, तर लेणे क्रमांक १६ च्या पायथ्याशी हत्तींची शिल्पे आहेत. त्यामुळे हा विहार म्हणजे अजिंठाच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मात्र बुद्धमूर्तीची सांगितलेली ७० फूट उंची तेथील कोणत्याही मूर्तीशी जुळत नाही. त्यामुळे ते स्वतः दरीत उतरले होते की त्यांनी ऐकीव माहिती नोंदवली, याबद्दल मतभेद आहेत.

या डोंगररांगेच्या दक्षिणेस असलेले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहूत येथील दानलेखांत तेथील दात्यांचा निर्देश आहे. युआन श्वांग यांच्या वृत्तात मात्र हे नगर येत नाही.

उत्तरायुष्य

इ.स. ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन ते चांगआन येथे परतले. बंदी मोडल्याबद्दल शिक्षा न होता सम्राटाने त्यांचे स्वागत केले. पुढील वर्षी त्यांचा प्रवासवृत्तांत पूर्ण झाला. उर्वरित आयुष्य त्यांनी भाषांतरात घालवले व सुमारे ७५ ग्रंथ चिनी भाषेत आणले.