विश्लेषण : लाखो जणांना ठाऊक असलेले गुपित शत्रूपासून कसे लपवले? 'डी-डे'चे सूत्रधार आयझेनहॉवर यांची गोष्ट

६ जून १९४४. एकाच दिवसात सुमारे १ लाख ५६ हजार सैनिक इंग्लंडमधून फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरले. जवळपास ७ हजार जहाजे आणि नौका, ११ हजारांहून अधिक विमाने आणि वर्षभराहून जास्त काळ चाललेली आखणी. तरीही हल्ला नेमका कुठे आणि केव्हा होणार, हे जर्मनांना शेवटपर्यंत कळले नाही. या मोहिमेचे सर्वोच्च सेनापती होते ड्वाइट डेव्हिड आयझेनहॉवर. पुढे ते अमेरिकेचे अध्यक्ष झाले. आश्चर्य म्हणजे दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत त्यांनी प्रत्यक्ष रणांगण पाहिलेच नव्हते.

आयझेनहॉवर कोण होते?

१४ ऑक्टोबर १८९० रोजी टेक्सासमधील डेनिसन येथे जन्म. बालपण कॅन्सस राज्यातील अ‍ॅबिलीन या छोट्या गावात गेले. घर भावंडांनी भरलेले, वडील लोणी-दुधाच्या कारखान्यात नोकरीला. आई धार्मिक आणि युद्धाच्या ठाम विरोधात. घरची परिस्थिती बेताची असल्याने फी नसलेले शिक्षण हवे होते. म्हणून मुलाने वेस्ट पॉइंट ही लष्करी अकादमी गाठली आणि १९१५ मध्ये तेथून पदवी घेतली.

पहिल्या महायुद्धात त्यांच्याकडे गेटिसबर्गजवळ रणगाडा दलाच्या प्रशिक्षणाचे काम होते. फ्रान्सला जाण्याचे आदेश आले, पण त्याआधीच नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध संपले. जानेवारी १९२१ मध्ये त्यांचा तीन वर्षांचा मुलगा स्कार्लेट फिव्हरने गेला. हे दुःख आयुष्यभर त्यांच्यासोबत राहिले.

त्यानंतरची कारकीर्द अतिशय संथ होती. सुमारे १६ वर्षे ते मेजर पदाभोवतीच अडकून होते. मात्र याच काळात पनामात जनरल फॉक्स कॉनर यांच्या हाताखाली त्यांनी युद्धशास्त्राचा कसून अभ्यास केला. १९२६ मध्ये लेव्हनवर्थच्या स्टाफ कॉलेजमध्ये ते पहिले आले. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यानंतर काही दिवसांतच लष्करप्रमुख जॉर्ज मार्शल यांनी त्यांना वॉशिंग्टनला युद्ध नियोजन विभागात बोलावून घेतले. तेव्हा ते ५१ वर्षांचे होते.

मोहिमेची सूत्रे त्यांच्याकडेच का?

या मोहिमेचे नेतृत्व खुद्द मार्शल करतील, असे बहुतेकांना वाटत होते. पण राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना मार्शल वॉशिंग्टनमध्ये हवे होते. डिसेंबर १९४३ मध्ये आयझेनहॉवर यांची निवड झाली. तोपर्यंत उत्तर आफ्रिका, सिसिली आणि इटलीत सैन्य उतरवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एकमेकांवर कुरघोडी करणाऱ्या ब्रिटिश आणि अमेरिकी सेनानींना एका टेबलावर बसवून काम करून घेण्याचे कसब त्यांच्याकडे होते.

आराखड्यात काय बदलले?

मूळ आराखडा ब्रिटिश जनरल फ्रेडरिक मॉर्गन यांच्या पथकाने १९४३ मध्ये तयार केला होता. मोहिमेचे सांकेतिक नाव 'ओव्हरलॉर्ड'. इंग्लंडला सर्वात जवळचा फ्रेंच किनारा कॅलेचा, डोव्हरपासून जेमतेम ३३ किलोमीटरवर. पण जर्मनांचा सर्वाधिक बंदोबस्तही तिथेच होता. म्हणून लांबचा नॉर्मंडी निवडण्यात आला.

मॉर्गन यांच्या आराखड्यात समुद्रमार्गे तीनच डिव्हिजन उतरणार होत्या. आयझेनहॉवर आणि माँटगोमेरी यांना हे बळ अपुरे वाटले. त्यांनी ते पाच डिव्हिजनवर नेले आणि सोबत तीन छत्रीधारी डिव्हिजन जोडल्या. त्यासाठी सैनिक आणि रणगाडे थेट वाळूवर उतरवणाऱ्या नौका आणखी लागणार होत्या. तेवढ्या हाताशी नव्हत्या. परिणामी मे महिन्याची तारीख जूनवर गेली. म्हणजे जगातल्या सर्वात मोठ्या समुद्रमार्गे हल्ल्याचे वेळापत्रक रणनीतीइतकेच नौकांच्या उत्पादनावर अवलंबून होते.

दुसरी अडचण बंदराची. ऑगस्ट १९४२ मध्ये दिएप बंदरावरील धाडीत सुमारे ६ हजारांपैकी निम्म्याहून अधिक सैनिक ठार, जखमी किंवा युद्धकैदी झाले होते. बंदर थेट जिंकता येत नाही, हा त्यातला धडा. मग बंदरच सोबत न्यायचे ठरले. काँक्रीटचे प्रचंड पोकळ ठोकळे ओढत नेऊन उभारायच्या या दोन कृत्रिम बंदरांना 'मलबेरी' नाव होते.

गुपित कसे राखले?

इथे खरा पेच होता. काम करायचे तर हजारो अधिकाऱ्यांना माहिती हवी आणि त्यातल्या एकाचीही जीभ घसरली तर किनाऱ्यावर हजारो मरणार. त्यासाठी अनेक थरांची व्यवस्था उभी राहिली.

- ठिकाण आणि तारीख माहीत असणाऱ्यांसाठी 'बिगॉट' नावाचा वेगळा, सर्वोच्च गोपनीयतेचा दर्जा होता.
- एप्रिल १९४४ पासून इंग्लंडच्या किनारपट्टीवर बाहेरच्यांना बंदी घालण्यात आली. बहुतेक परदेशी वकिलातींचे गोपनीय टपालही रोखले गेले.
- नागरिकांकडून युरोपच्या किनाऱ्यांची सुट्टीतली छायाचित्रे आणि पोस्टकार्डे मागवली. ती लाखोंनी आली. पण आवाहन सगळ्याच किनाऱ्यांचे असल्याने हेतू कळला नाही.
- ३१ डिसेंबर १९४३ च्या रात्री दोन ब्रिटिश सैनिक नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पोहत गेले आणि वाळूचे नमुने घेऊन आले. वाळू रणगाड्यांचे वजन पेलेल का, हे तपासायचे होते.
- कॅलेसमोरच्या केंट परगण्यात जनरल पॅटन यांच्या नावाने एक खोटे सैन्य 'उभे' केले. रबरी रणगाडे, नकली नौका, बनावट रेडिओ संदेश आणि जर्मनांना खोटी माहिती पुरवणारे दुहेरी हेर असा हा सगळा बनाव होता.

तरीही अपघात घडलेच. लंडनमधील एका मेजवानीत हवाई दलाचे मेजर जनरल हेन्री मिलर यांनी हल्ला १५ जूनपूर्वी होईल असे बोलून टाकले. ते आयझेनहॉवर यांचे वेस्ट पॉइंटचे वर्गमित्र. आयझेनहॉवर यांनी त्यांना कर्नल पदावर उतरवून मायदेशी पाठवले. २८ एप्रिलला स्लॅप्टन सँड्स येथील सरावावर जर्मन वेगवान नौकांनी हल्ला केला आणि सुमारे ७५० अमेरिकी सैनिक व खलाशी मृत्युमुखी पडले. बेपत्तांमध्ये 'बिगॉट' यादीतले दहा अधिकारी होते. त्या सर्वांचे मृतदेह मिळेपर्यंत गुपित फुटले की नाही, हेच कळत नव्हते. ही दुर्घटनाही गुप्त ठेवण्यात आली.

मे महिन्यात आणि जूनच्या सुरुवातीला 'डेली टेलिग्राफ'च्या शब्दकोड्यात उटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी, नेपच्यून असे शब्द एकामागोमाग आले. हे सगळे मोहिमेतले सांकेतिक शब्द! कोडे रचणाऱ्या शाळामास्तरांची चौकशी झाली. हेरगिरीचा पुरावा काही मिळाला नाही.

गुप्ततेची किंमत कुणी मोजली?

जर्मन कुमक अडवण्यासाठी फ्रान्समधील रेल्वे यार्ड आणि पूल बॉम्बने उडवायचे होते. त्यात फ्रेंच नागरिकच मरणार, म्हणून चर्चिल यांचा मोठा आक्षेप होता. आयझेनहॉवर आग्रहावर ठाम राहिले. फक्त नॉर्मंडीच्या वाटा तोडल्या तर बेत उघड होईल, म्हणून इतर भागांवरही जोरदार बॉम्बफेक झाली. हल्ल्याआधी आणि नंतरच्या बॉम्बवर्षावात हजारो फ्रेंच नागरिकांचा जीव गेला. विजयाच्या गोष्टीत हा हिशेब अनेकदा गाळला जातो.

तारीख ६ जूनच का?

छत्रीधारी सैनिकांना चंद्रप्रकाश हवा होता. नौकांना पहाटेच्या सुमारास ओहोटी हवी होती, म्हणजे जर्मनांनी पाण्यात रोवलेले सुरुंग लावलेले अडथळे दिसतील. हे दोन्ही जुळणारे दिवस होते ५, ६ आणि ७ जून. ठरले ५ जून. पण वादळाचा अंदाज आला. मुख्य हवामानतज्ज्ञ जेम्स स्टॅग यांच्या सल्ल्यावरून ४ जूनच्या पहाटे मोहीम एक दिवस पुढे ढकलली. काही जहाजे तर समुद्रातून परत फिरवावी लागली.

त्याच रात्री पोर्ट्समथजवळच्या साउथविक हाउसमध्ये स्टॅग यांनी सांगितले की वादळात थोडी उसंत मिळेल. नाही म्हटले असते तर पुढची योग्य ओहोटी दोन आठवड्यांनी होती. तोवर लाखो सैनिकांना बंद छावण्यांत ठेवून गुपित टिकवणे कठीण होते. ५ जूनच्या पहाटे आयझेनहॉवर यांनी अंतिम होकार दिला. अटलांटिकवरील हवामानाची पुरेशी माहिती नसलेल्या जर्मनांना मात्र अशा हवेत हल्ला अशक्य वाटत होता. त्यांचे सेनापती रोमेल पत्नीच्या वाढदिवसासाठी घरी गेले होते.

आणखी एक निर्णय त्यांच्या जिवाला लागला होता. हवाई दलप्रमुख ली-मॅलरी यांनी बजावले होते की छत्रीधारी सैनिकांपैकी निम्मे किंवा त्याहून जास्त मारले जातील. आयझेनहॉवर यांनी तो बेत रद्द केला नाही. ५ जूनच्या संध्याकाळी ग्रीनहॅम कॉमन विमानतळावर ते त्याच तरुणांना भेटायला गेले. प्रत्यक्षातील हानी त्या भाकितापेक्षा बरीच कमी झाली.

त्या चिठ्ठीत काय होते?

५ जूनला त्यांनी हाताने एक छोटा मजकूर लिहून पाकिटात ठेवला. हल्ला फसला तर तो जाहीर करायचा होता. सैन्य मागे घेतले आहे, सैनिकांनी कर्तव्यात कसूर केली नाही, दोष असेल तर तो माझा एकट्याचा, असा त्याचा आशय. विशेष म्हणजे सैन्य मागे घेण्यात आले ही मोघम वाक्यरचना खोडून त्यांनी ते आपण मागे घेतले, अशी दुरुस्ती केली. ताण इतका होता की तारखेत जूनऐवजी जुलै लिहिले गेले. चिठ्ठीची गरज पडली नाही. पण त्या एका दिवसात मित्रराष्ट्रांचे ४,४०० हून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले. योगायोग असा की त्याच दिवशी त्यांचा मुलगा जॉन वेस्ट पॉइंटमधून पदवीधर होत होता.

जर्मन तर पुढचे कित्येक आठवडे खरा हल्ला कॅलेवर होणार म्हणून मोठे सैन्य तिथेच राखून बसले. १९ जूनला सुरू झालेल्या भीषण वादळाने एक मलबेरी बंदर मोडले. हल्ला दोन आठवडे लांबला असता तर गाठ याच वादळाशी पडली असती.

पुढे काय झाले?

१९५३ ते १९६१ या काळात आयझेनहॉवर अमेरिकेचे अध्यक्ष होते. डिसेंबर १९५९ मध्ये ते दिल्लीला आले. भारताला भेट देणारे ते पहिले अमेरिकी राष्ट्राध्यक्ष. १९६० मध्ये सोव्हिएत संघाने अमेरिकेचे यू-२ हे हेरगिरी विमान पाडले. ते हवामान संशोधनाचे विमान असल्याची थाप अमेरिकेने आधी मारली. ती उघडी पडल्यावर आयझेनहॉवर यांनी हाताखालच्यांना पुढे न करता जबाबदारी स्वतःवर घेतली. जानेवारी १९६१ मधील निरोपाच्या भाषणात त्यांनी लष्कर आणि शस्त्रउद्योग यांच्या वाढत्या साटेलोट्याबद्दल देशाला सावध केले. २८ मार्च १९६९ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यांचे निधन झाले. अ‍ॅबिलीनमध्ये, जिथे ते लहानाचे मोठे झाले, तिथेच त्यांना दफन करण्यात आले. आयझेनहॉवर यांच्या बाजूला त्यांचा तीन वर्षांचा मुलगाही तिथे विसावला आहे.