लष्कराने विकलेले घोडे आणि डोरोथी ब्रूक

गेल्या नोव्हेंबरात क्रॉस-कंट्रीचा सराव करताना खरडच्या बाहेर एका वीटभट्टीपाशी आम्हाला एक शिंगरू दिसले. वय असेल वर्षभराचे. बरगड्या मोजता येत होत्या, पोट मात्र फुगलेले. लहानपणी घातलेली दोरीची म्होरकी कोणी सैल केली नव्हती, त्यामुळे ती नाकाच्या हाडावर रुतून जखम झाली होती. आम्ही चौघांनी तिथल्या तिथे ठरवले की वर्गणी काढायची, शिंगरू विकत घ्यायचे आणि शाळेच्या पागेत आणायचे. रायडिंगच्या उस्तादांनी सगळे ऐकून घेतले आणि सरळ नकार दिला. डोरोथी ब्रूक कोण होत्या ते आधी शोधून काढा, त्यानंतर बोलू, असे त्यांनी सांगितले. आम्हाला वाटले हा विषय टाळण्याचा प्रकार आहे. तरी मी वाचनालयात बसलो, आणि जे मिळाले ते इथे लिहीत आहे. शिंगराचे काय झाले तेही सांगेन, पण आधी डोरोथीबाई.

त्यांचा जन्म १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. लहानपणापासून घोड्यांची सवय. पहिले लग्न झाले, तीन मुले झाली, ते लग्न पुढे टिकले नाही. १९२६ साली त्यांनी जेफ्री ब्रूक यांच्याशी लग्न केले. हे ब्रूक साहेब घोडदळातले अधिकारी, नावाजलेले घोडेस्वार आणि घोडेस्वारीवर पुस्तके लिहिणारे. १९३० साली त्यांना इजिप्तमधल्या ब्रिटिश घोडदळ ब्रिगेडचे प्रमुख म्हणून पाठवले गेले आणि ऑक्टोबरमध्ये डोरोथीबाई त्यांच्याबरोबर कैरोला आल्या. त्या वेळी त्या ४७ वर्षांच्या होत्या. बड्या अधिकाऱ्याची पत्नी म्हणून मेजवान्या आणि पोलो बघण्यात त्यांचे दिवस सहज गेले असते.

पण कैरोला येताना त्यांच्या मनात एक प्रश्न होता. तो समजायला थोडे मागे जावे लागेल.

पहिल्या महायुद्धात इजिप्त आणि पॅलेस्टाइनच्या आघाडीवर घोडदळाने मोठे काम केले. ३१ ऑक्टोबर १९१७ रोजी बीरशेबा घेतले तेव्हा काही घोडे जवळजवळ दोन दिवस पाण्याशिवाय होते, तरी धावले. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या लान्सर्सनी हैफा शहर जिंकले. आपल्या सैन्यात आजही हा दिवस हैफा दिन म्हणून पाळतात आणि दिल्लीतल्या तीन मूर्ती चौकातले तिन्ही पुतळे त्याच ब्रिगेडच्या स्मरणार्थ आहेत. त्या पुतळ्यांमध्ये घोडा नाही, हे माझ्या आता लक्षात आले.

युद्ध संपले. सैनिक घरी गेले. घोड्यांना जहाजातून परत नेणे महाग, शिवाय त्यांच्याबरोबर रोग येण्याची भीती. ऑस्ट्रेलियाने युद्धासाठी सुमारे १,३६,००० घोडे परदेशी पाठवले. त्यांपैकी परत गेला फक्त एक. त्याचे नाव सँडी, आणि तो एका जनरलचा घोडा होता. इजिप्तमध्ये ब्रिटिश सैन्याने सुमारे २०,००० घोडे तिथल्या लोकांना विकून टाकले. तोफ ओढणारे आणि स्वार घेऊन दौडणारे घोडे टांग्यांना, दगडांच्या गाड्यांना जुंपले गेले.

त्यांपैकी कोणी अजून जिवंत आहे का, हा डोरोथीबाईंचा प्रश्न होता. युद्ध संपून बारा वर्षे झाली होती, म्हणजे घोडा जिवंत असला तरी विशीच्या पुढचा असणार. त्यांनी कैरोत शोध सुरू केला. प्राणिदया संस्थेच्या आवारात त्यांना एक उंच, थकलेला घोडा भेटला. त्याला त्यांनी ओल्ड बिल हे नाव दिले. तो सैन्यातला होता. मग रस्त्यांवर तसे घोडे दिसू लागले. ओळखायची खूण सोपी होती, कारण ब्रिटिश सैन्याच्या घोड्यावर बाणाच्या आकाराचा डाग दिलेला असे. धूळ, घाम आणि खोगिराच्या जखमा यांच्याखाली तो बाण अजून दिसत होता. कोणी आंधळे झालेले, कोणाचे पाय सुजून वाकलेले, कोणाच्या पाठीवर हाडापर्यंत गेलेले व्रण.

काही घोडे त्यांनी विकत घेतले, पण तेवढ्याने काय होणार? मग त्यांनी लंडनच्या मॉर्निंग पोस्ट या वर्तमानपत्राला पत्र लिहिले. ते १६ एप्रिल १९३१ रोजी छापून आले. सैन्याचे घोडे कैरोत कोणत्या स्थितीत आहेत हे सांगून त्यांनी लोकांकडे मदत मागितली होती. मला या पत्राचे फार आश्चर्य वाटते. नवरा त्याच सैन्यात ब्रिगेडियर, त्याच शहरात नेमणूक, आणि बायको वर्तमानपत्रातून सांगते की सैन्याने आपले घोडे असे सोडले. घरी त्या दिवशी काय बोलणे झाले असेल, कोण जाणे. एवढे खरे की ब्रूक साहेब शेवटपर्यंत त्यांच्या कामात बरोबर राहिले.

पत्र वाचून इंग्लंडमधून पैसे येऊ लागले. समिती झाली. कैरोच्या सय्यिदा झैनब या गरीब वस्तीत तबेला घेतला. दर आठवड्याला घोडे आणले जात, डोरोथीबाई एकेक तपासत, मालकाशी किंमत ठरत असे. तीन वर्षांत त्यांनी सुमारे ५,००० घोडे घेतले.

आता अवघड भाग. हे वाचेपर्यंत मला वाटत होते की ते ५,००० घोडे नंतर कुठेतरी हिरव्या कुरणात सुखाने राहिले असतील. तसे झाले नाही. त्यांपैकी बहुतेकांना तबेल्यात जाड पेंढ्याचा बिछाना मिळाला, स्वच्छ पाणी आणि पोटभर खाणे मिळाले, थोडे दिवस कोणी जुंपले नाही, आणि मग त्यांना वेदना न होऊ देता मरण दिले गेले. मी पुस्तक मिटून ठेवले. याला सुटका कसे म्हणायचे?

उस्तादांशी दोन दिवस वाद घातला. त्यांनी पागेतल्या आमच्या सगळ्यांत म्हाताऱ्या घोडीपाशी नेले आणि तिचे दात दाखवले. घोडा साधारण २५ ते ३० वर्षे जगतो. विशीनंतर दात झिजतात, चारा नीट चावला जात नाही. त्यातून सांधे कायमचे गेलेले, डोळे गेलेले असतील तर उरते फक्त दुखणे. असा घोडा परत विकला तर पुन्हा गाडीलाच लागणार. डोरोथीबाईंना घोडे जीव लावून आवडत, आणि तरी आठवड्यामागून आठवडे त्यांनी हा निर्णय स्वतः घेतला. त्यांच्या रोजनिशीचे पुढे पुस्तक झाले, त्यात हे सगळे आहे. मला अजून पूर्ण पटलेले नाही, पण मला राग होता तो गेला.

त्या टांगेवाल्यांवर मात्र त्यांनी राग धरला नाही, आणि उस्तादांना आम्हाला दाखवायचे होते ते हेच असावे. त्यांनी घोडे जप्त करायला लावले नाहीत, पैसे देऊन घेतले. कारण तो मालकही उपाशी होता. घोडा एक दिवस थांबला तर घरी चूल पेटणार नाही, मग लंगडत असला तरी तो जुंपायचाच. आणि म्हातारा घोडा नेला की तो दुसरा आणणार, त्याचीही तीच गत होणार. ५,००० घेतले काय किंवा ५०,००० घेतले काय.

इथे मला आपल्या महाराजांचे पत्र आठवले. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ हलवर्णच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना दाणावैरण जपून वापरण्याची ताकीद दिली होती. आत्ताच सगळी वैरण उधळली तर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडे उपाशी मरतील, आणि मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, असे त्यात बजावले आहे. आम्ही नववीत ते रयतेवरचे पत्र म्हणून शिकलो. ते घोड्यांवरचेही पत्र आहे. घोड्याचे पोट आणि माणसाचे पोट एकाच हिशेबात मांडलेले आहे.

१९३४ साली डोरोथीबाईंनी कैरोत कायमचे इस्पितळ उघडले. युद्धातल्या घोड्यांच्या स्मरणार्थ असे त्याचे नाव होते, पण तोपर्यंत ते जुने घोडे संपत आले होते. इस्पितळ होते गरिबांच्या कामाच्या घोड्यांसाठी आणि गाढवांसाठी. उपचार फुकट. जखम लहान असताना जनावर आणले तर ते आठवडाभरात पुन्हा कामाला लागते, एवढी साधी गोष्ट मालकांना पटायला लागली. घोडा वाचला आणि रोजीही वाचली.

ब्रूक साहेब मेजर जनरल होऊन निवृत्त झाले. दुसरे महायुद्ध आले आणि गेले, काम थांबले नाही. १९५५ साली कैरोतच डोरोथीबाईंचे निधन झाले आणि त्यांना तिथेच पुरले. इस्पितळ अजून चालू आहे. त्यांच्या नावाची संस्था आज अनेक देशांत आहे, भारतातही आहे, आणि आपल्याकडे तिचे बरेचसे काम वीटभट्ट्यांवरच्या घोड्या-खेचरांसाठी चालते. उस्तादांना हे नाव कसे ठाऊक, ते मग कळले.

तर शिंगरू. आम्ही ते विकत घेतले नाही. रविवारी उस्तादांबरोबर भट्टीवर गेलो. मालक बिहारहून आलेला कामगार, शिंगराची आई त्याच्याच गाडीला असते. आम्ही ओरडायला आलो असे त्याला वाटले, म्हणून आधी बोलेचना. उस्तादांनी खाली बसून बिडीला नाही म्हटले, चहाला हो म्हटले, आणि अर्ध्या तासाने तो स्वतःच शिंगरू घेऊन आला. जनावरांच्या सरकारी डॉक्टरांनी म्होरकी कापून काढली आणि जखम धुतली. फुगलेले पोट जंतांचे होते. माझ्या खिशात पागेतून आणलेली मूठभर चंदी होती. डॉक्टरांनी ती परत ठेवायला लावली. फार दिवस उपाशी असलेल्या जनावराला एकदम दाणा दिला तर रक्तातल्या क्षारांचा तोल बिघडतो, हृदय बंद पडू शकते, नाहीतर पोटशूळ होतो. म्हणजे प्रेमाने मारायचे. थोडा थोडा चारा, दिवसातून पाच-सहा वेळा, दाणा नंतर.

वर्गणीचे पैसे वैरणीला आणि जंतांच्या औषधाला गेले. मालकाच्या मुलीने, जी आठ-नऊ वर्षांची असेल, वेळापत्रक पाळले, आमच्याहून चांगले. आम्ही रविवारी खरारा घेऊन जायचो. (खरडमध्ये खरारा, हा विनोद मी फक्त मराठी पानावर करू शकतो.) जानेवारीत मेलेले जुने केस झडून खाली नवीन चकाकी दिसू लागली. फेब्रुवारीत त्याने पहिल्यांदा माझ्या हातून पळ काढला आणि भट्टीभोवती दोन फेऱ्या मारल्या. उस्तादांनी त्या दिवशी आम्हाला काहीच काम सांगितले नाही.

नाकावर जखमेचा पांढरा पट्टा राहिला आहे, तो जाणार नाही. नवी म्होरकी सुती पट्ट्याची आहे, तिला चार भोके आहेत. सध्या ती दुसऱ्या भोकावर आहे.